माकडाला नसलेले माकडहाड

पाठीच्या कण्याच्या अगदी तळाशी असलेल्या लहानशा हाडाला मराठीत माकडहाड म्हणतात. शारीरिक मानवशास्त्र शिकायला लागल्यापासून हा शब्द माझ्या मनात घर करून राहिला आहे, कारण ज्या प्राण्याच्या नावाने आपण हे हाड ओळखतो, त्याच्याजवळ ते नसतेच. माकडाच्या कण्याच्या टोकाला असते ती शेपटी. माकडहाड असते ते माणसाला, चिंपांझीला, गोरिलाला, ओरँगउटानला आणि गिबनला, म्हणजे ज्यांनी शेपटी गमावली त्यांना. बोलीभाषेत आपण या सगळ्यांना सर्रास माकड किंवा वानर म्हणतो आणि त्याने व्यवहारात काही बिघडत नाही. परंतु अभ्यासात माकड आणि कपी हा भेद पाळावाच लागतो आणि तो करायची सर्वांत सोपी खूण शेपटी हीच आहे. बार्बरी मकाक या बिनशेपटीच्या माकडासारखे मोजके अपवाद सोडले, तर शेपटी असलेले ते माकड आणि नसलेले ते कपी. या हिशेबाने आपण कपी आहोत, आणि माकडहाड हे खरे तर कपींचे हाड आहे.

विद्यार्थिदशेत एका प्रात्यक्षिकाच्या तासाला लांब शेपटीच्या मकाकाचा सांगाडा आणि माणसाचा कणा हे दोन्ही एकाच टेबलावर मांडलेले होते. मकाकाच्या कमरेखाली तीन मणके जुळून झालेले त्रिकास्थी होते आणि त्याच्यापुढे शेपटीचे वीसहून अधिक मणके एका तारेत ओवलेले होते. त्यांतले पहिले काही मणके पाठीच्या मण्यांची आठवण करून देणारे होते. त्यांना कमान होती, दोन्ही बाजूंना पंख होते. पुढे पुढे कमान नाहीशी होत गेली, पंख झिजत गेले आणि उरल्या त्या बोटांच्या कांड्यांसारख्या नुसत्या कांड्या. शेजारच्या मानवी कण्यात त्रिकास्थी पाच मण्यांचे होते आणि त्याच्या टोकाला चार मणके. पहिल्याला दोन इवलीशी शिंगे होती, दुसरा त्याहून बसका होता आणि शेवटचा तर बोटांच्या चिमटीत जेमतेम सापडेल एवढा, एखाद्या मण्यासारखा. मकाकाच्या शेपटीत वीसेक मण्यांच्या अंतरावर जो बदल होत गेला होता, तो इथे चार मण्यांत उरकला होता. त्या दिवसापर्यंत 'अवशेष अवयव' ही माझ्यासाठी व्याख्या होती. तो मणी बोटात धरल्यावर तिला अर्थ आला.

अवशेष म्हटले की निरुपयोगी असा समज होतो, तो इथे खरा नाही. चतुष्पाद सस्तन प्राण्यांत जे स्नायू शेपटी हलवतात, तेच माणसात ओटीपोटाचा तळ तोलून धरतात, आणि त्यांचे एक टोक माकडहाडाला बांधलेले असते. उभ्याने चालणाऱ्या प्राण्याच्या पोटातल्या अवयवांचा भार खालून पेलण्याचे काम त्यांच्याकडे आलेले आहे. शेपटी गेली, तिची यंत्रणा मात्र दुसऱ्या कामाला लागली.

शेपटी गेली कशी, याचे उत्तर बराच काळ कोणाजवळ नव्हते. मानवी गर्भाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात स्पष्ट दिसणारी शेपटी असते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ती विरून जाते, हे फार पूर्वीपासून माहीत होते. म्हणजे शेपटी घडवण्याची सूचना आपल्यात अजूनही आहे, ती पुरी होत नाही इतकेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये बो शिया, इताई यानाई आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यात या अपुरेपणाचे एक कारण दाखवले. त्यांचे लक्ष टीबीएक्सटी या जनुकावर होते. या जनुकाचा शेपटीशी असलेला संबंध नवा नाही; १९२७ मध्ये नादेझ्दा दोब्रोव्होल्स्काया-झावाद्स्काया या शास्त्रज्ञ स्त्रीने आखूड शेपटीच्या उंदरांचे वर्णन केले, तेव्हापासून त्याचा माग काढला जात होता. नवे होते ते एवढेच की, सर्व कपींत आणि माणसात या जनुकाच्या एका निरर्थक वाटणाऱ्या भागात सुमारे ३०० अक्षरांचा एक तुकडा घुसलेला आहे आणि माकडांत तो नाही.

हा तुकडा 'अ‍ॅलू' नावाच्या कुळातला आहे. अ‍ॅलू स्वतःच्या नकला काढून जनुकसंचात इकडेतिकडे चिकटत राहतात. माणसाच्या जनुकसंचात त्यांच्या १० लाखांहून अधिक नकला आहेत आणि एकूण संचाचा सुमारे दहावा हिस्सा त्यांनी व्यापला आहे. त्यांतल्या बहुतेकांमुळे काही घडत नाही. इथे मात्र घडले, कारण या नव्या तुकड्यापासून थोड्याच अंतरावर एक जुना अ‍ॅलू उलट्या दिशेने आधीच बसलेला होता. कापडाच्या पट्टीला दोन ठिकाणी टिचबटणाचे दोन भाग शिवले आणि ते एकमेकांवर दाबले, की मधले कापड फासासारखे लोंबते. त्याचप्रमाणे जनुकाची आरएनए नक्कल तयार होताना हे दोन अ‍ॅलू एकमेकांना चिकटतात आणि मधला अर्थपूर्ण भाग फासात अडकतो. काटछाट करून उपयुक्त भाग जोडणारी पेशीतली यंत्रणा काही वेळा तो फास वगळूनच पुढे जाते आणि प्रथिन एका भागाने तोकडे होते. पूर्ण आणि तोकडे अशी दोन्ही प्रथिने बनतील अशा तऱ्हेने उंदरांचे जनुक बदलले, तेव्हा काही उंदीर आखूड शेपटीचे निपजले, तर काही बिनशेपटीचे. काहींच्या मज्जारज्जूच्या घडणीत दोषही दिसले. एवढ्या एकाच बदलाने सगळा इतिहास उलगडतो असा दावा संशोधकांनीही केलेला नाही, सुमारे २.५ कोटी वर्षांपूर्वी सुरुवात इथून झाली असावी आणि पुढे इतर बदलांनी ती पक्की केली असावी, असे मानायला जागा आहे.

इथे एक रूढ समज दूर करायला हवा, कारण तो शिकल्यासवरलेल्या माणसांकडूनही ऐकू येतो. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि शेपटीची गरज उरली नाही म्हणून ती गळून पडली, असे सांगितले जाते. काळाचा क्रम पाहिला तर हे टिकत नाही. केनियातील व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा आणि म्फांगानो या बेटांवर सापडलेला एकेम्बो हा कपी सुमारे १.८ कोटी वर्षांपूर्वीचा. तो फांद्यांवर चार पायांनी चालणारा होता, त्याच्या कण्याची ठेवण बरीचशी माकडासारखी होती, आणि तरीही त्याला शेपटी नव्हती. दोन पायांवर चालण्याचा अत्यंत बोलका पुरावा म्हणजे टांझानियातल्या लेटोली इथे १९७८ मध्ये सापडलेले, ज्वालामुखीच्या राखेत उमटलेले पाऊलठसे. ते सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. दोन पायांच्या चालीच्या सुरुवातीची त्याहून जुनी चिन्हे धरली, तरी तीही ६०-७० लाख वर्षांपलीकडे जात नाहीत. शेपटी जाणे आणि उभे राहणे यांच्यात एक कोटी वर्षांहून मोठे अंतर आहे. उत्क्रांतीत पुढे काय लागणार आहे हे पाहून आधी काही टाकले जात नाही.

गमावलेल्या गोष्टींची अशी नोंद शरीरात आणखी अनेक ठिकाणी आहे आणि त्यांतली सर्वांत बोलकी मला क जीवनसत्त्वाची वाटते. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. त्यांच्यासाठी ते जीवनसत्त्व नाहीच, घरचे उत्पादन आहे. आपल्या यकृतातही त्या प्रक्रियेच्या आधीच्या पायऱ्या शाबूत आहेत, मात्र शेवटची पायरी पार पाडणारे विकर (एन्झाइम) नाही. ते विकर बनवणाऱ्या जनुकाचे अवशेष आपल्या आठव्या गुणसूत्रावर आहेत. काही तुकडे गायब, उरलेल्यांत जागोजागी चुका. अशा मोडक्या जनुकांना छद्मजनुके म्हणतात.

१७४७ मध्ये 'सॅलिस्बरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्हीने, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या अभावाने, आजारी असलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ते झपाट्याने सुधारले. फळे सहा दिवसांतच संपली, पण तेवढ्यात त्यांतला एक कामावर रुजू होण्याजोगा झाला होता. पुढे १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रलिक हे दोघे बेरीबेरीचा अभ्यास करत असताना त्यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले आणि त्या प्राण्यांना अनपेक्षितपणे स्कर्व्ही झाला. त्यांनी उंदीर निवडले असते, तर त्यांना काहीच दिसले नसते, कारण उंदीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवतो. गिनीपिगाचेही हेच जनुक मोडलेले आहे, परंतु ते वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या तऱ्हेने मोडलेले आहे.

हा 'वेगळ्या तऱ्हेने' फार महत्त्वाचा आहे. हस्तलिखित पोथ्यांच्या नकला अभ्यासणारे जाणकार कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे ठरवताना बरोबर ओळींकडे पाहत नाहीत, कारण बरोबर मजकूर सगळीकडे सारखाच असणार. ते पाहतात चुकांकडे. दोन प्रतींत तोच शब्द त्याच ठिकाणी गळलेला असेल, तर त्या एकाच मूळ प्रतीच्या नकला आहेत. माणूस, चिंपांझी, ओरँगउटान आणि मकाक यांच्या छद्मजनुकांत तेच भाग गायब आहेत. गिनीपिगाची पोथी मात्र दुसऱ्याच लेखनिकाने दुसऱ्याच ठिकाणी चुकवलेली आहे. लेमूर आणि लोरिस हेही नरवानर गणातलेच, पण त्यांच्यात हे जनुक अजून चालू आहे; टार्सियर, माकडे आणि कपी यांच्यात ते बंद आहे. म्हणजे या दोन शाखा विभक्त झाल्यानंतर, ६ कोटी वर्षांच्या आसपास, आपल्या शाखेत ते मोडले. फळे आणि पाने मुबलक खाणाऱ्या त्या पूर्वजांना नुकसान जाणवलेही नसणार. आपण सर्वांचे शरीर एकसारखे आहे हे सांगण्यासाठी लोक नेहमी रक्ताच्या लाल रंगाचा दाखला देतात. मला या एकाच ठिकाणी झालेल्या सारख्या चुकीचा दाखला जास्त पटतो, कारण तो केवळ साम्य सांगून थांबत नाही, नाते सांगतो.

युरिक आम्ल मोडणाऱ्या विकराचेही तसेच झाले आहे. माणूस आणि मोठे कपी यांच्यात त्याचे जनुक बंद आहे, गिबनांत ते स्वतंत्रपणे बंद पडले, आणि त्यामुळे आपल्या रक्तातले युरिक आम्ल बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मानाने कित्येक पट अधिक असते. गाउटचे दुखणे त्यातूनच येते. प्राचीन पूर्वजांचे हे विकर अनुमानाने पुन्हा घडवून त्याची तपासणी केल्याचे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात दिसले की, जनुक पुरते बंद पडण्याच्या पुष्कळ आधीपासून विकराची ताकद कमी कमी होत आली होती.

आता ज्या विचारासाठी मी हे सगळे लिहीत आहे, त्याकडे येते. 'कपींची शेपटी गेली' किंवा 'आपल्या पूर्वजांचे जनुक बंद पडले' असे आपण एका वाक्यात म्हणून टाकतो, आणि त्या वाक्यात एक संपूर्ण कालखंड गडप होतो. उत्परिवर्तन जातीत होत नाही, ते एका जिवात होते. तिथून ते त्याच्या काही पिलांत जाते, काहींत जात नाही. आणि अखेरीस ते सर्वांत पसरेपर्यंत किंवा नष्ट होईपर्यंत असा दीर्घ काळ जातो, की ज्यात तो बदल असलेले आणि नसलेले जीव एकाच टोळीत, एकाच झाडावर, एकमेकांची पिले सांभाळत राहत असतात. क जीवनसत्त्व बनवू शकणारे आणि न शकणारे, अ‍ॅलूचा तो तुकडा असलेले आणि नसलेले, हे कधीकाळी सख्खे भावंड होते. आज दोन जातींमधला म्हणून आपण जो फरक मोजतो, तो प्रत्येक फरक एकेकाळी एकाच जातीतल्या दोन व्यक्तींमधला फरक होता. आणि तो कालखंड संपलेला नाही. इतर अनेक बाबतींत आपण आत्ता त्याच्या मध्यावर आहोत.

याची खात्री करायची असेल, तर हात पुढे करावा, तळवा वर ठेवावा, अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला टेकवावे आणि मनगट किंचित आत वळवावे. मनगटाच्या मधोमध एक ताठ दोरीसारखी कंडरा वर उठून आली, तर ती पामारिस लाँगस या स्नायूची. ती उठली नाही, तर बहुधा तो स्नायू त्या हातात नाही. पूर्वी सांगितलेल्या त्याच प्रात्यक्षिक वर्गात आम्हाला एकदा हे करायला सांगितले गेले होते. रांगेने सगळ्यांनी बाह्या वर केल्या. माझ्या उजव्या मनगटावर कंडरा तारेसारखी उभी राहिली आणि डाव्या मनगटावर काहीच आले नाही. मी बोटे आणखी दाबली, मनगट आणखी वाकवले, तरी ती जागा सपाटच राहिली. माझ्या शेजारचीच्या दोन्ही हातांत ती होती आणि पलीकडच्याच्या दोन्ही हातांत नव्हती. माझा हात त्यामुळे दुबळा आहे का, असे मी जरा घाबरूनच विचारले. बाईंनी सांगितले की, पकडीच्या जोरात यामुळे मोजण्याजोगा फरक पडत नाही, आणि म्हणूनच शल्यविशारद दुसरीकडची तुटलेली कंडरा दुरुस्त करायला हीच काढून वापरतात. मग त्यांनी पुढे जे सांगितले ते मी तेव्हाच वहीत लिहून ठेवले: चिंपांझी आणि गोरिला यांच्यातही हा स्नायू काहींना असतो, काहींना नसतो. एका बाकावर बसलेल्या आम्हा तिघांत जो फरक होता, तोच फरक दुसऱ्या जातींच्या टोळ्यांतही आजमितीला चालू आहे. अक्कलदाढेचेही असेच, कोणाला चारही येतात, कोणाला एखादीच, आणि कोणाच्या जबड्यात तिचा अंकुरही नसतो.

रंगदृष्टीचे उदाहरण याहून खोल जाते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. आफ्रिका आणि आशियातील माकडे, कपी आणि माणूस यांच्या सामाईक पूर्वजात, ३ कोटी वर्षांहूनही आधी, एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाची शेजारीच दुसरी प्रत तयार झाली; दोन्ही प्रतींत थोडा थोडा फरक पडत गेला आणि तांबडा व हिरवा यांतला भेद दिसू लागला. ही दोन जनुके अजूनही इतकी सारखी आहेत आणि इतकी लगत आहेत, की बीजांड तयार होताना गुणसूत्रांची देवाणघेवाण होते तेव्हा त्यांची जुळणी चुकते आणि एखाद्या गुणसूत्रात त्यांतले एक गळून जाते किंवा दोन्हींचे मिश्रण होते. पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असल्यामुळे त्याचा परिणाम लगेच दिसतो; युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्या रंगांधळेपणाचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे.

अणुसिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेले जॉन डाल्टन त्यांतले एक होते. इतरांना गुलाबी दिसणारे जिरेनियमचे फूल त्यांना दिवसा आकाशी दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल. त्यांच्या भावालाही ते तसेच दिसे. १७९४ मध्ये मँचेस्टर इथे त्यांनी यावर निबंध वाचला आणि आपल्या डोळ्यांतल्या द्रवाला निळी झाक असली पाहिजे, असा तर्क मांडला. हा तर्क आपल्या मृत्यूनंतर डोळे उघडून तपासावा, अशी त्यांची इच्छा होती. १८४४ मध्ये ते वारले तेव्हा जोसेफ रॅन्सम या वैद्याने एका डोळ्यातला द्रव काचेच्या बशीत ओतून पाहिला. तो स्वच्छ, बिनरंगी होता. दुसऱ्या डोळ्याच्या मागच्या बाजूला भोक पाडून त्याने त्यातून तांबड्या आणि हिरव्या वस्तू पाहिल्या. त्याला त्या वेगवेगळ्याच दिसल्या. डाल्टन चुकले होते. परंतु त्या डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले गेले, आणि १९९५ मध्ये त्यांच्यातून काढलेल्या डीएनएवरून दिसले की, हिरव्याच्या बाजूचे जनुक त्यांच्यात नव्हतेच. आपल्याच शरीराविषयीचा प्रश्न पुढच्यांच्या हाती सोपवून जाणाऱ्या त्या माणसाविषयी मला नितांत आदर वाटतो. उत्तर मिळायला दीडशे वर्षे लागली, पण प्रश्न नीट जपला गेला होता म्हणून ते मिळाले.

रंगांधळेपणाला आपण दोष म्हणतो. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली माकडे पाहिल्यावर हा शब्द वापरताना मन थोडे अडखळते. हाउलर माकडांसारखे अपवाद वगळता तिथल्या बहुतेक जातींत एक्स गुणसूत्रावर हे जनुक एकच असते, पण त्याचे प्रकार अनेक असतात. त्यामुळे सर्व नर दोनरंगी दृष्टीचे, आणि ज्या माद्यांना आई-बापांकडून दोन वेगळे प्रकार मिळाले त्या तीनरंगी दृष्टीच्या, अशी मिश्र टोळी तिथे एकत्र फिरते. कोस्टारिकातील पांढऱ्या तोंडाच्या कॅपुचिन माकडांचे निरीक्षण करणाऱ्यांना असे आढळले की, पानांत बेमालूम मिसळून बसलेले किडे पकडण्यात दोनरंगी दृष्टीची माकडे सरस ठरतात. रंग कमी दिसल्यामुळे त्यांचे लक्ष आकाराकडे आणि पोताकडे जाते. पिकलेले फळ हेरण्यात कोणी पुढे, किडे हेरण्यात कोणी पुढे. तीनरंगी माकड हा नमुना आणि बाकीची त्याच्या बिघडलेल्या प्रती, असे त्या टोळीकडे पाहून म्हणता येत नाही.

माणसातही मोडलेले जनुक कामी आल्याची उदाहरणे आहेत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बहुतेक लोकांच्या तांबड्या रक्तपेशींवर डफी नावाचे प्रथिन नसते. त्या जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागातले एकच अक्षर बदलल्यामुळे ते तांबड्या पेशींपुरते बंद राहते, शरीरात इतरत्र चालू असते. व्हायव्हॅक्स जातीचा हिवतापाचा परजीवी याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. दारावर कडीच नसल्यामुळे त्याला ते उघडता येत नाही. हा संबंध १९७६ मध्ये लुई मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. हे संरक्षण अभेद्य मात्र नाही. मादागास्करमध्ये डफी नसलेल्या लोकांनाही या परजीवीची लागण झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे इथेही हिशेब पुरा झालेला नाही, परजीवीच्या बाजूनेही उत्परिवर्तने चालूच आहेत.

मग माणसामाणसांतले हे फरक एकूण किती आणि कसे विभागलेले? १९७२ मध्ये रिचर्ड लेवाँटिन यांनी रक्तगट आणि रक्तातली प्रथिने अशा १७ जनुकांची जगभरची माहिती घेऊन हा हिशेब मांडला. एकूण विविधतेपैकी ८५.४ टक्के एकाच लोकसमूहातल्या व्यक्तींमध्ये, ८.३ टक्के एकाच तथाकथित वंशातल्या निरनिराळ्या समूहांमध्ये आणि केवळ ६.३ टक्के वंशावंशांमध्ये, असे त्यांना आढळले. ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये यावर घेतलेला आक्षेपही प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे: अनेक जनुके एकत्र घेऊन पाहिली, तर त्यांच्या जुळणीवरून एखाद्या व्यक्तीचे पूर्वज कोणत्या भूभागातले हे बऱ्यापैकी ओळखता येते. दोन्ही विधाने खरी आहेत आणि त्यांच्यात विरोध नाही. पूर्वजांचा प्रदेश ओळखता येणे वेगळे, आणि माणसांचे ठरावीक साचे असणे वेगळे. आमच्या विद्याशाखेने कवटीची लांबी-रुंदी मोजत असे साचे शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे घालवली आणि त्या साच्यांच्या आधारे माणसांना जे भोगावे लागले, त्याची जबाबदारी या विषयाच्या अभ्यासकाला झटकता येत नाही, असे मला मनापासून वाटते.

चिंपांझींशी तुलना केली की आपण किती एकसारखे आहोत हे लख्ख दिसते. संपूर्ण जगात चिंपांझी माणसांच्या मानाने अगदी नगण्य संख्येने उरले आहेत, आणि तरीही त्यांची जनुकीय विविधता आपल्याहून अधिक आहे. कॅमेरून आणि आसपासच्या प्रदेशातल्या चिंपांझींच्या २०१२ मधल्या एका अभ्यासात, एका नदीच्या दोन तीरांवर राहणाऱ्या समूहांत वेगवेगळ्या खंडांतल्या माणसांपेक्षाही जास्त जनुकीय अंतर आढळले. याचे कारण आपल्या अलीकडच्या इतिहासात आहे. आपण सर्व जण तुलनेने फार थोड्या पूर्वजांची, आणि फार थोड्या काळापूर्वी पसरलेली, संतती आहोत. दोन माणसांच्या जनुकसंचातल्या सुमारे ३०० कोटी अक्षरांत सरासरी हजारात एक एवढाच फरक पडतो. पण हजारात एक म्हणजे ३० लाख ठिकाणे. त्यांतली बहुतेक काहीच करत नाहीत, काही डोळ्यांत भरतात, काही एखाद्या आजाराच्या वेळी उपयोगी पडतात, आणि एखादे ठिकाण असे असू शकते की जिथला आजचा फरक पुष्कळ काळानंतर कोणाच्या तरी व्याख्येचा भाग झालेला असेल.

त्या प्रात्यक्षिकानंतर काही वर्षांनी मला हाडांचा एक संग्रह नीट लावण्याचे काम मिळाले. एका खणात फक्त माकडहाडे होती, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, आणि खणावरच्या चिठ्ठीवर मणक्यांची संख्या चार अशी लिहिलेली होती. मी एकेक पाकीट उघडून मोजत गेले. बहुतेकांत चार मणके होते, काहींत तीन, काहींत पाच. काहींचा पहिला मणका त्रिकास्थीला जुळून गेलेला होता, तर काहींचा सुटा होता. एकाचे टोक सरळ खाली गेलेले होते, दुसऱ्याचे आकड्यासारखे पुढे वळलेले, तिसऱ्याचे एका बाजूला कललेले. संध्याकाळपर्यंत मी प्रत्येक पाकिटावर त्याची त्याची संख्या लिहिली आणि खणावरची चिठ्ठी बदलून तिच्यावर 'तीन ते पाच' असे लिहून ठेवले.